जालन्याचें बेथेल

कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना आणि दुसऱ्या तीरावर नवीन जालना. मराठवाड्यांत ‘जालना सोन्याचा पाळणा’ अशी म्हण आहे. ती व्यापाऱ्यांच्या तोंडून निघाली असावी ह्यांत शंका नाहीं. कारण भोंवतालच्या काळ्या रानांत पिकणारी ज्वारी, कडधान्यें आणि कापूस ह्याच पेठेंत येऊन पैशाचें रूप घेत. ज्याच्या हातीं तराजू होता त्याच्या दृष्टीनें हा पाळणा सोन्याचाच होता. ज्याच्या डोक्यावर सरपणाची मोळी आणि खांद्यावर विकावयाचे दोर होते, त्याला मात्र ह्या पाळण्याचे झोके दुरूनच पाहावे लागत.

ह्या पेठेच्या परिसरांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एक प्रयोग झाला. बायबलांतील वचनें व्यासपीठावरून खालीं उतरवून विहिरीच्या कांठावर, शेताच्या बांधावर आणि मजुरीच्या हिशेबांत आणण्याचा तो प्रयत्न होता. हैदराबाद संस्थानचे दिवाण पहिले सालारजंग ह्यांनीं दिलेल्या जमिनीवर १८७० च्या सुमारास जालन्याजवळ एक ख्रिस्ती गांव वसलें. त्याचें नांव बेथेल, आणि तें वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री.

बेथेल हा हिब्रू शब्द असून त्याचा अर्थ देवाचें घर. उत्पत्तीच्या पुस्तकांतील याकोबाच्या कथेंत तो येतो. भावाला फसवून घरांतून पळालेला तरुण उघड्या माळावर दगडाची उशी करून झोंपतो. त्याला आभाळापर्यंत पोंचलेल्या शिडीचें स्वप्न पडतें. आणि सकाळीं उठून तो त्या जागेस देवाचें घर म्हणतो. चित्रकारांनीं ती शिडी पुष्कळ रंगविली आहे. तिच्या मागोमाग येणारा नवस मात्र फारसा कोणी रंगविलेला नाहीं. देवानें खावयास अन्न आणि नेसावयास वस्त्र दिलें, आणि सुखरूप माघारीं आणलें, तर तोच आपला देव, आणि जें मिळेल त्याचा दहावा हिस्सा त्याचा, असा तो नवस आहे. पोटभर जेवलेल्या माणसाला हा सौदा जरा रोकडा वाटतो. पण गांवच्या वेशीबाहेर राहून शिळ्या तुकड्यावर दिवस काढणाऱ्याला तो तसा वाटला नसेल. आपल्या गांवाला नांव देतांना शेषाद्रींच्या मनांत शिडी अधिक होती कीं भाकरी, हें सांगण्याची सोय नाहीं. परंतु गांवाची पुढील हकीकत पाहतां भाकरीचें पारडें हलकें नव्हतें एवढें दिसून येतें.

नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुलांत जन्मलेले. मुंबईस डॉ. जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट ह्या स्कॉटिश पाद्र्यांच्या शाळेंत त्यांचें शिक्षण झालें. विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले आणि १८३२ सालीं त्यांनीं ती शाळा काढली. १८३९ सालीं त्याच शाळेंतील पारशी विद्यार्थ्यांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां शहरांत मोठें वादळ उठलें, प्रकरण कोर्टापर्यंत गेलें, आणि अनेक आईबापांनीं आपलीं मुलें शाळेंतून काढून घेतलीं. तें वादळ पुरतें शमलें नाहीं तोंच १८४३ च्या सप्टेंबरांत नारायण शेषाद्रींनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. योगायोग असा कीं त्याच वर्षीं स्कॉटलंडांतील चर्चमध्यें फूट पडून फ्री चर्च निराळें झालें होतें, आणि विल्सन व नेस्बिट हे मूळ संस्थेची हक्काची इमारत सोडून नव्या पक्षास मिळाले होते. गुरूंनीं वास्तु सोडली आणि शिष्यानें घर सोडलें, तें एकाच सालीं.

नारायणांचा धाकटा भाऊ श्रीपती हाहि नेस्बिट ह्यांच्याकडे जाऊन राहिला. तो अल्पवयी होता. वडिलांनीं कोर्टांत धांव घेतली आणि कोर्टानें मुलगा त्यांच्या स्वाधीन केला. प्रकरण येथें मिटावयास हवें होतें, पण खरें प्रकरण येथूनच सुरू झालें. मुलगा घरीं आला खरा, परंतु तो पाद्र्याच्या घरीं राहिलेला, तेथील अन्नोदक घेतलेला. त्याला जातींत परत घ्यावें कीं नाहीं? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घ्यावें असा पक्ष घेतला, सनातनी मंडळींनीं त्यांना कडाडून विरोध केला. मुंबईच्या ब्राह्मण समाजांत ह्यावरून तट पडले आणि जांभेकरांना पुष्कळ मनस्ताप सोसावा लागला. श्रीपतीनें येशूविषयीं काय मानलें होतें ह्याची चर्चा ह्या सगळ्या वादांत दुय्यम होती. तो कोणाच्या हातचें जेवला, ह्यावर पंडितांचे निकाल अवलंबून होते.

थोरल्या भावाच्या पुढील आयुष्याकडे पाहतांना ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. अन्न आणि पाणी हीं मराठी मुलखांत केवळ देहाचीं साधनें नव्हतीं. माणसाची जागा कोणती हें तींच ठरवीत. म्हणून नव्या धर्माचा उपदेश प्रार्थनेपुरता राहणें येथें शक्यच नव्हतें. तो स्वयंपाकघरांत शिरला नाहीं तर कोठेंच शिरला नाहीं असें होणार होतें.

शेषाद्री पुढें धर्मोपदेशक झाले आणि १८६० नंतरच्या दशकांत त्यांनीं निजामाच्या राज्यांतील जालना हें आपलें कार्यक्षेत्र केलें. जालन्याजवळ हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी होती, त्यामुळें परकी माणसें आणि परके विचार ह्यांची गांवाला अगदींच नवलाई नव्हती. मुंबईच्या सुशिक्षितांशीं वेदान्त आणि बायबल ह्यांवर वाद घालण्यांत ज्यांचें तारुण्य गेलें, त्या ह्या गृहस्थांचें म्हणणें जालन्यास ऐकून घेतलें तें मुख्यतः मांग समाजानें. विल्सनांच्या शाळेंतील मांडणी अशी कीं वरच्या वर्गांतील बुद्धिमान तरुण वळले म्हणजे त्यांच्यामागून समाज वळेल. जालन्यांत पाणी उलट दिशेनें वाहूं लागलें.

येथें मांग समाजाचें गांवगाड्यांतील स्थान ध्यानांत घेतल्याशिवाय पुढील अडचण कळणार नाहीं. दोर वळणें, केरसुण्या करणें, लग्नकार्यांत आणि देवाच्या उत्सवांत वाजविणें, हीं त्यांचीं परंपरागत कामें. ह्या कामांबद्दल रोख पैसा क्वचितच मिळे. सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या खळ्यावरून बलुतें मिळे, सणासुदीला ताटांतलें उरलेलें मिळे, आणि त्यावर वर्ष निभावावें लागे. आतां असा एखादा वाजंत्री बाप्तिस्मा घेतो. चैत्रांत गांवच्या देवीची जत्रा येते आणि पाटलाचें बोलावणें येतें, डफडें घेऊन ये. त्यानें जावें कीं नाहीं?

प्रश्न दिसतो तेवढा लहान नाहीं. गेला तर ज्या मूर्तिपूजेचा त्यानें त्याग केला तिच्याच पुढें तो वाजवीत उभा राहणार. न गेला तर त्याचें बलुतें बंद. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत पौलानें नेमका ह्याच जातीचा प्रश्न हाताळला आहे. करिंथ शहरांतील ख्रिस्ती मंडळींपुढें मूर्तीला वाहिलेलें मांस खावें कीं खाऊं नये हा वाद होता. पौलाचें उत्तर दुपदरी आहे. मूर्तींत कांहीं नाहीं, म्हणून ज्याला ज्ञान आहे त्याला त्या अन्नाची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. परंतु दुर्बळ मनाच्या भावाला आपल्या खाण्यानें ठेंच लागणार असेल तर तें न खाणेंच बरें. करिंथांतल्या गृहस्थाला हें उत्तर पाळतां येई, कारण बाजारांत दुसरें अन्न विकत मिळे आणि त्याच्या गांठीं पैसा असे. मराठवाड्यांतील बलुतेदाराचा देवीपुढचा नैवेद्य आणि घरची भाकरी हीं दोन्हीं एकाच टोपलींतून येत. टोपली नाकारावयाची तर उपास.

हा पेंच केवळ जालन्याचा नव्हता. गांवगाड्यांत राहून धर्म बदलणाऱ्या प्रत्येक गरीब कुटुंबापुढें तो उभा राहिला. पाद्र्यांपैकीं कित्येकांनीं त्यावर मिशनमधली नोकरी हा तोडगा काढला. कोणी शिपाई झाला, कोणी माळी, कोणी पुस्तकें विकणारा. त्यानें पोट भरलें, पण माणूस एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे गेला. शेषाद्रींना निराळा उपाय हवा होता, आणि तो म्हणजे जमीन. नांगर धरणाऱ्याला पाटलाच्या जत्रेंत डफडें वाजविण्याची सक्ति नाहीं, तशी मिशनच्या साहेबापुढें हात जोडण्याचीहि नाहीं.

सालारजंग हे १८५३ पासून १८८३ पर्यंत हैदराबादचे दिवाण होते. संस्थानचा जमाखर्च आणि महसूल ह्यांची घडी त्यांनींच बसविली. एका मुसलमानी राज्याच्या मुत्सद्दी दिवाणानें, ब्राह्मण कुलांतून ख्रिस्ती झालेल्या पाद्र्याला, अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांचें गांव वसविण्यासाठीं सवलतीनें जमीन द्यावी, ही गोष्ट त्या काळच्या हिंदुस्थानांतहि सर्वसामान्य म्हणतां यावयाची नाहीं. धर्मौदार्याचा भाग त्यांत असेल. पडीक जमीन लागवडीस आली तर राज्याचें हितच आहे हें दिवाणाला सांगावें लागलें नसेल. कारण कोणतेंहि असो, माळावर घरें उभीं राहिलीं, प्रार्थनामंदिर आणि शाळा झाली, विहिरी खणल्या गेल्या आणि शेती सुरू झाली.

विहिरीबद्दल थोडें थांबून बोललें पाहिजे. योहानाच्या शुभवर्तमानांत येशू शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो ती कथा आहे. दुपारची वेळ, वाटचालीनें दमलेला प्रवासी, आणि एकटीच पाण्याला आलेली बाई. ती चकित होऊन विचारते, तूं यहूदी असून माझ्या हातचें पाणी कसें मागतोस? यहूदी आणि शोमरोनी ह्यांच्यांत तसा व्यवहार नव्हता, एवढी टीप युरोपांतील वाचकाला द्यावी लागते. महाराष्ट्रांत ही टीप अनावश्यक होती. ती बाई दुपारीं एकटी कां आली असेल हेंहि येथें कोणाला समजावून सांगावें लागलें नसतें.

परंतु अडचण निराळीच होती. सवर्णांच्या विहिरीवर महार-मांगांना मज्जाव होता हें सर्वश्रुत आहे. महार आणि मांग हेहि एकमेकांच्या हातचें पाणी घेत नसत ही गोष्ट त्यामानानें कमी बोलली जाते. उपेक्षेची उतरंड होती आणि तींतील प्रत्येक मडकें खालच्या मडक्यावर आपला भार टाकून होतें. म्हणून ख्रिस्ती मंडळींत एका पेल्यांतून प्रभुभोजनाचा द्राक्षारस घेण्याचा विधि आला, तेव्हां धर्मांतर खरें कीं खोटें ह्याची परीक्षा तेथेंच होई. विश्वासाची कबुली तोंडानें देणें सोपें. शेजाऱ्याचे ओंठ लागलेला पेला आपल्या ओंठांस लावणें हें पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगवळणीं पडलेल्या शिसारीशीं झगडणें होतें. करिंथच्याच मंडळींत श्रीमंत लोक आधीं येऊन जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौलानें त्यांना खडसावलें होतें. अंत्युखियांत खुद्द पेत्र परक्यांच्या पंक्तींतून उठून गेला तेव्हां त्यालाहि पौलानें सर्वांदेखत दोष दिला. पंक्तिभेदाचा प्रश्न ह्या धर्माच्या पहिल्या पिढींतलाच आहे.

तो सर्वत्र सुटला असेंहि नाहीं. दक्षिणेंत तंजावरकडील जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांत जातवार बसण्याची आणि जातवार पेला घेण्याची चाल शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली होती. १८३३ सालीं बिशप डॅनियल विल्सन ह्यांनीं ती मोडण्याचा हुकूम काढला तेव्हां पुष्कळ लोक मंडळी सोडून गेले, आणि वेदनायक शास्त्री ह्यांच्यासारख्या विद्वान ख्रिस्ती कवीनें त्या हुकुमाला विरोध केला. मराठी मुलखांतील मिशनांनीं त्या अनुभवापासून धडा घेतला असावा. येथें आरंभापासूनच सहभोजनावर कटाक्ष ठेवण्यांत आला.

बेथेल वसलें त्याच सुमारास पुण्यांत जोतीराव फुले ह्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. फुले हेहि स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले. ते ख्रिस्ती झाले नाहींत, पण तेथें वाचलेलें विसरलेहि नाहींत. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉ. आंबेडकरांनीं व त्यांच्या अनुयायांनीं २० मार्च १९२७ रोजीं प्याले, म्हणजे ह्या दोन्ही गोष्टींनंतर साठ वर्षांनीं. फुल्यांचा हौद, बेथेलची विहीर आणि महाडचें तळें ह्यांचे मार्ग निरनिराळे होते. त्यांना एका माळेंत ओंवण्याचें कारण नाहीं. मात्र पाण्याशिवाय माणुसकीचा विचार ह्या देशांत पुढें सरकत नव्हता, हें तिन्ही ठिकाणीं दिसतें.

शेतीच्या वचनांची गोष्ट ह्याहून सुकर होती. बायबल हा बहुतांशीं शेतकऱ्यांचा आणि मेंढपाळांचा ग्रंथ आहे, आणि लंडन-एडिंबरोच्या वाचकाला जें चित्र परकें वाटे तें मराठवाड्याच्या कुणब्याला अंगणांतलें वाटे. पेरणाऱ्याच्या दाखल्यांतील वाट, खडकाळ जागा, कांटेरी झुडपें आणि सुपीक जमीन हीं चारीहि त्याच्या एकाच शेतांत सांपडत. लेवीयाच्या पुस्तकांत अशी आज्ञा आहे कीं कापणी करतांना शेताचे कोपरे कापूं नयेत आणि गळालेलीं कणसें वेंचूं नयेत. तीं गरिबांसाठीं आणि परक्यांसाठीं ठेवावीं. ह्या वेंचणीला मराठींत ‘सरवा’ म्हणतात, आणि बायबलच्या मराठी भाषांतरांत रूथ बवाजाच्या शेतांत जें वेंचते तोहि सरवाच आहे. परदेशी विधवा सून सासूचें आणि आपलें पोट भरण्यासाठीं परक्या शेतांत कापणाऱ्यांच्या मागून वांकून चालते आहे, हें चित्र समजण्यासाठीं भूमिहीन घरच्या बाईला प्रवचनकाराची मुळींच गरज नव्हती. ती स्वतः तशी चालली होती. नवें होतें तें एवढेंच, कीं आजवर जी सरवा वेंचीत होती ती आतां शेताची धनीण झाली, आणि आज्ञा तिला उद्देशून होऊं लागली. कोपरे सोडावयाचे ते तिनें.

गरिबाला दया शिकविणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. गरीब कांहींसा सुस्थितींत आला म्हणजे त्याच्यावर कोणतें कर्तव्य येतें, हें त्याला त्याच आठवड्यांत सांगावें लागणें हा अनुभव दुर्मिळ. मजुराची मजुरी दुसऱ्या सकाळपर्यंत अडवून ठेवूं नये, हीहि लेवीयांतील आज्ञा. आठवड्यांतून एक दिवस धन्याबरोबर चाकरानें आणि बैलानेंहि विसांवा घ्यावा, ही दहा आज्ञांपैकीं एक. पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या मानेवर जूं ठेवावयाचें नाहीं हें आपल्याकडील शेतकरी जाणतोच. बावन्न पोळे पाळावयाचे म्हटलें तर मात्र त्याच्या कपाळाला आठी पडणें स्वाभाविक आहे. वाफसा आलेला असतां आदितवारीं औत सोडून बसावयाचें, आणि सोमवारीं पुन्हां पाऊस लागला तर पेरणी हुकावयाची! ज्यांनीं हा नियम शेतकऱ्यांना घालून दिला त्या पाद्र्यांपैकीं फारच थोड्यांनीं कधीं तिफण धरली होती.

आणि मग तराजू. खोटें वजन आणि खोटें माप ह्यांचा परमेश्वराला वीट आहे, असें नीतिसूत्रांत आणि नियमशास्त्रांत वारंवार सांगितलेलें आहे. नवीन जालन्याच्या पेठेसारख्या बाजारांत ह्या वचनाची ओळख लोकांना उलट्या बाजूनें होती. दांडी कशी मारतात, पायली घेतांना कशी भरतात आणि देतांना कशी भरतात, हें त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलें होतें. आपल्या हातीं माप आल्यावर तेंच करण्याचा मोह त्यांना झाला नसेल असें मानणें म्हणजे त्यांना देवदूत ठरविणें होय, आणि त्यांनीं तसा दावा केलेला नाहीं.

हीं वचनें लोकांपर्यंत पोंचलीं तीं कोणत्या भाषेंत, ह्याचाहि विचार करावा लागतो. विल्यम केरी ह्यांच्या देखरेखीखालीं बंगालमधील श्रीरामपुरास मराठी नवा करार १८११ सालीं छापला गेला. मुंबईच्या अमेरिकन मिशनचें भाषांतर १८२६ सालीं आलें. पुढें अनेक वेळां तें सुधारलें गेलें. परंतु पंडितांच्या साह्यानें झालेल्या ह्या भाषांतरांत संस्कृताचा भरणा असे, आणि ज्या स्त्रीपुरुषांनीं अक्षरओळखच मोठेपणीं केली त्यांना ती वाट चढणीची होती. गोव्यांत फादर स्टीफन्स ह्यांनीं १६१६ सालीं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ लिहून हीच अडचण आपल्या परीनें सोडविली होती. पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत बसून सबंध बायबलाचें भाषांतर नव्यानें केलें तें ह्याच कारणानें. मध्यप्रांतांतील आणि गुजरातेंतील दुष्काळांतून आणलेल्या मुलींना समजेल अशी साधी मराठी त्यांना हवी होती. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा त्या उतारवयांत शिकल्या, आणि १९२२ च्या एप्रिलांत देह ठेवण्यापूर्वीं तें काम त्यांनीं पुरें केलें. त्याच सदनांत त्या मुली विणकाम, छपाई आणि शेतीहि शिकत होत्या.

१८७६ पासून १८७८ पर्यंत दक्षिणेंत भीषण दुष्काळ पडला. अन्नासाठीं लोक मिशनच्या दारांशीं आले आणि बाप्तिस्मा घेणारांची संख्या ठिकठिकाणीं वाढली. ‘पोटासाठीं ख्रिस्ती’ हा टोमणा तेव्हांपासून अधिकच रूढ झाला. त्यांत तथ्य अजिबात नव्हतें असें नाहीं. परंतु हा टोमणा मारणारांपैकीं बहुतेकांच्या घरीं कणगी भरलेली होती. याकोबाचा नवस ह्या जागीं पुन्हां आठवतो. त्यानेंहि आधीं अन्न आणि वस्त्र मागितलें होतें, आणि त्याच्या धर्मनिष्ठेवर त्या ग्रंथांत कोणी संशय घेतलेला नाहीं.

बेथेलवर खरा आक्षेप घ्यावयाचा तर तो दुसऱ्याच बाजूनें घेतां येतो. गांवगाड्याच्या जाचांतून सुटण्यासाठीं निराळें गांव वसविलें कीं जाच सुटतो, पण गांवहि सुटतें. ख्रिस्ती वस्ती एका जागीं आणि बाकीचा समाज दुसऱ्या जागीं, अशी स्थिति झाली म्हणजे शेजाऱ्यावर प्रीति करावी ह्या आज्ञेंतला शेजारी कोण राहिला? आपल्याच मंडळींतला. शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यांत येशूनें नेमकें ह्याच समजुतीवर बोट ठेवलें आहे. शिवाय जमीन मिळाली ती शेषाद्रींच्या शब्दावर, पैसा आला तो समुद्रापलीकडील देणगीदारांकडून. तेव्हां कुळांच्या मनांत नवीन पाटलाची भावना उत्पन्न होणें टळलें असेल असें म्हणवत नाहीं. महाराष्ट्रांतील इतर ख्रिस्ती वसाहतींनाहि हें दुखणें जडलेलें होतें. नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला त्याच्या मुळाशीं हीच टोंचणी होती. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनींहि एकत्र बसावें, मिशनच्या पगाराचा आणि परकी थाटाचा संबंध नसावा, अशी त्यांची कल्पना. १९१९ सालीं टिळक वारले आणि ती कल्पना अर्धीच राहिली.

शेषाद्रींनीं हा धोका ओळखला नव्हता असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांनीं स्वतः परकी वेष कधीं आपलासा केला नाहीं. १८७३ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली. तेथें हिंदुस्थानच्या वतीनें ते बोलावयास उभे राहिले ते डोक्याला पांढरें पागोटें बांधून. अमेरिकन लोकांना त्या पागोट्याचें आणि त्यांच्या अस्खलित इंग्रजीचें मोठें कौतुक वाटलें. कौतुकाबरोबर जालन्याच्या कामासाठीं मदतहि मिळाली. ज्या मुंबईच्या समाजानें त्यांच्या धाकट्या भावाला पंक्तीस घ्यावें कीं नाहीं ह्यावर काथ्याकूट केला होता, त्या समाजाची खूण असलेलें पागोटें त्यांनीं उतरविलें नाहीं. आणि ज्यांच्या सावलीचाहि त्या समाजाला विटाळ होई त्यांच्याबरोबर जेवणें त्यांनीं सोडलें नाहीं.

१८९१ सालीं परदेशांतून परत येत असतां समुद्रप्रवासांत त्यांचें निधन झालें. जालन्याचें काम स्कॉटिश मिशनच्या हातीं चालू राहिलें. शेषाद्रींच्या व्यक्तिमत्त्वाचा दाब निघून गेल्यावर बेथेलचा पहिला जोम ओसरला. एका माणसाभोंवतीं उभ्या राहिलेल्या संस्थांचें बहुधा असेंच होतें. १९२४ सालीं प्रेस्बिटेरियन आणि काँग्रेगेशनल मंडळ्या एकत्र येऊन उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली, आणि १९७० सालीं ती चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ह्या संस्थेंत विलीन झाली. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राज्य संपलें. १९८१ च्या मे महिन्यांत जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. सालारजंगांच्या सहीची किंमत तोंपर्यंत केव्हांच सरली होती. मात्र मराठवाड्यांतील ख्रिस्ती घरांत सुगीच्या दिवसांत पहिल्या धान्याची टोपली उपासनेच्या वेळीं पुढें आणून ठेवण्याची चाल राहिली आहे. ज्वारीचीं कणसें, शेंगा, कधीं एखादी कोंबडी. उपासना संपली कीं अंगणांत त्यांचा लिलाव होतो आणि आलेला पैसा मंडळीच्या पेटींत जातो. बोली चढते तेव्हां सगळ्यांत जास्त हंशा कोंबडीच्या वेळीं पिकतो.